खोकडाचे ताट आणि कोल्ह्याचे ताट

गेल्या महिन्यात आमच्या चांदे (तालुका मुळशी) येथे शेतकरी मंडळींची बैठक झाली. तीत इतर विषयांबरोबर ‘कोल्ह्यांचा बंदोबस्त’ असाही एक विषय निघाला. एका सभासदाच्या मक्याची कणसे रातोरात मोडली होती, दुसऱ्याच्या खुराड्यातील कोंबड्या गेल्या होत्या, आणि तिसऱ्याचे करडू ओढ्याकाठी फाडलेले सापडले होते. तिन्ही गुन्ह्यांस आरोपी एकच ठरला, तो म्हणजे कोल्हा. तेव्हा माळावरील बिळांस धुरी द्यावी, आणि ओढ्याच्या काठी मेलेल्या कोंबड्यांत औषध घालून ठेवावे, असा ठराव एका गृहस्थांनी मांडला. आम्ही त्यास विरोध केला. आमच्या बाजूचे हात मोजकेच निघाले. तथापि विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला, आणि अध्यक्षांनी आम्हास सांगितले की, तुमचे जे काही म्हणणे असेल ते मासिकात मांडा, म्हणजे सर्वांस घरी बसून निवांतपणे वाचता येईल. त्या सांगण्यावरून हा लेख लिहीत आहोत.

आम्ही प्राणिशास्त्राचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण मराठी शाळेपुरते, आणि उमेद सारी महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. परंतु या विषयावर बोलण्याचा आम्हास एक अधिकार आहे, तो असा की, ‘कोल्ह्याने नुकसान केले’ हे वाक्य आम्ही स्वतःच्या हाताने किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. नुकसानीचा अर्ज यावा, पंचांनी जागा पहावी, आणि कारकुनाने ‘जनावराचे नाव’ या शब्दांपुढे ‘कोल्हा’ असे लिहून कागद पुढे सरकवावा, हा शिरस्ता. एकदा जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यात आमची नेमणूक असता एक वृद्ध धनगर आमच्या लेखणीकडे बघत म्हणाला, “भाऊसाहेब, तुम्ही कोल्हा लिवलं, पण ह्या बिळात ऱ्हातंय ते खोकड हाय. खोकड करडू कशानं मारंल?” आम्ही हसलो आणि कागद तसाच पुढे पाठविला. कागदास नाव हवे होते, ते मिळाले. खरे खोटे कोणी विचारणार नव्हते. सेवानिवृत्तीनंतर स्वस्थ बसल्यावर तो प्रश्न आमच्या मनात पुनःपुन्हा येऊ लागला, आणि आज असे वाटते की, आमच्या सगळ्या शेऱ्यांहून त्या धनगराचे एक वाक्य अधिक खरे होते.

नाव एक, जनावरे दोन

प्रथम ही दोन जनावरे निराळी ओळखली पाहिजेत. कोल्हा हा लांडगा आणि कुत्रा यांचा भाऊबंद. वजन साधारणतः आठ ते अकरा किलो, अंग तपकिरी-करडे, पाठीवर काळसर झाक, आणि सायंकाळी टोळीने कोल्हेकुई करण्याची सवय. खोकड हे खऱ्या अर्थाने खोकड-कुळातले, म्हणजे इंग्रजीत ज्यांस ‘फॉक्स’ म्हणतात त्यांतले. त्याचे वजन अवघे दोन ते चार किलो, म्हणजे एखाद्या चांगल्या पोसलेल्या बोक्याएवढे. पाय बारीक, कान मोठे व टोकदार, आणि शेपटी झुपकेदार असून तिचे टोक काळे. ही शेपटीच्या टोकाची खूण शेतकऱ्याने लक्षात ठेवावी. ती सहसा चुकत नाही. खोकड उघड्या माळावर बीळ करते, त्या बिळास पुष्कळदा अनेक तोंडे असतात, आणि जोडपे मिळून पिले वाढविते. पिले होण्याचा काळ सामान्यतः माघ ते चैत्र. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी आपण ज्या बिळांस धुरी द्यावी म्हणतो, त्या वेळी आत बहुधा डोळे न उघडलेली पिले असतात.

नावाचा हा घोटाळा आपल्या भाषेतही मुरलेला आहे. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण अस्सल आपल्या मातीतली, आणि तीतला कोल्हा खरोखरचा कोल्हाच आहे. कारण काकडी, खरबूज, बोर जे सापडेल त्यावर समाधान मानणारा प्राणी तो हाच. परंतु ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण इसापाच्या गोष्टींतून आली. इसापाच्या गोष्टीतील जनावर फॉक्स होते; मराठीत येताना त्याचा कोल्हा झाला. खोकडाचे नाव मागे पडले, आणि त्याची लबाडी, चोरी, हाव ही सारी कोल्ह्याच्या खाती जमा झाली. उलटपक्षी कोल्ह्याने केलेल्या नुकसानीची शिक्षा बीळ सहज सापडते म्हणून खोकडास भोगावी लागते. महसुली भाषेत सांगायचे तर, खाते एकाचे आणि वसुली दुसऱ्याकडून, असा हा प्रकार आहे.

खोकड काय खाते

खोकड काय खाते हे कोणी झुडुपाआड बसून पाहत नाही. शास्त्रज्ञ त्याची विष्ठा गोळा करतात, ती वाळवून चाळणीत पाण्याने धुतात, आणि मागे जे उरते ते तपासतात. केस असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली धरून ते उंदराचे, सशाचे की शेळीचे हे ठरवितात. फळांच्या बिया, किड्यांचे पंख व कवचे, सरड्याचे खवले हे निरनिराळे मांडतात. या रीतीत एक खोट आहे, ती जाणते लोक स्वतःच सांगतात. किड्याचे कवच पचत नाही म्हणून ते अधिक दिसते, आणि नुसते मऊ मांस खाल्ले असेल तर त्याचा मागमूसही उरत नाही. म्हणून किती वेळा आढळले आणि पोटात किती गेले, या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. तरीही अंदाजाने लिहिलेल्या आमच्या पंचनाम्यापेक्षा ही रीत शतपटीने भरवशाची.

या रीतीच्या फार पूर्वी, १८६७ साली, टी. सी. जर्डन या इंग्रज डॉक्टराने हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात खोकडाचे मुख्य खाद्य म्हणून उंदीर, जमिनीवरचे खेकडे, नाकतोडे आणि भुंगेरे यांची नोंद केली. दीडशे वर्षांत त्या यादीत फारसा फरक पडलेला नाही. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली स्थापन झालेले माळढोक अभयारण्य आहे. तेथील गवती माळावर अबि तमिम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर या संशोधकांनी खोकडांचा अभ्यास करून २००९ साली त्यांच्या आहारावर निबंध प्रसिद्ध केला. त्यातही उंदीर, किडे आणि रानफळे हाच खोकडाचा मुख्य आहार आढळला. गुजरातेतील कच्छ भागात झालेल्या अशाच अभ्यासात किडे, उंदीर, बोरे आणि सांडा नावाचा मोठा सरडा ही खाद्ये निघाली. ज्या माळावर जे मिळते ते खोकड खाते. पण कोठेही गेले तरी ताटात उंदीर आणि किडा हे असतातच. पावसाळ्याच्या आरंभी वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते तेव्हा वाळवी, गवत वाढल्यावर नाकतोडे, शेणाच्या पोहोट्यांखाली शेणकिडे, आणि हिवाळ्यात बोरे, असे त्याचे ताट ऋतूप्रमाणे पालटते. हरभऱ्याचे घाटे व कलिंगडेही ते कधी कधी खाते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु तीन किलोच्या प्राण्याच्या पोटात हरभरा मावून मावून किती मावणार?

कोल्हा काय खातो

कोल्ह्याचे ताट याहून मोठे आणि अधिक मिश्र. उंदीर तोही खातो, आणि पुष्कळ खातो. त्याशिवाय ससा, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी व पिले, ओढ्यातील खेकडे, मेलेले ढोर, बोरे, जांभळे, तसेच मका, ऊस, भुईमूग आणि संधी सापडल्यास कोंबडी हेही त्यास चालते. उसाच्या मुलखात तर तो उसाच्या फडातच दिवसा लपून राहतो. गावाच्या उकिरड्यावर येण्यास त्यास लाज नाही. तेव्हा सभासदाच्या मक्याची कणसे कोल्ह्याने मोडली असतील, हे आम्ही नाकारीत नाही. रानडुकराचा आणि साळिंदराचाही माग त्याच शेतात शोधावा एवढेच म्हणतो. कारण मक्याचा नाश करण्यात ते दोघे कोल्ह्याहून वरचढ आहेत.

एकाच माळावर दोन पंगती

आता मुख्य प्रश्न असा की, एकाच माळावर राहून ही जनावरे आपापसांत भांडून संपत कशी नाहीत? पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात सासवड, सुपे, बारामती, इंदापूर या बाजूस जो गवती माळ अजून शिल्लक आहे, त्यावर लांडगा, कोल्हा आणि खोकड ही तिन्ही जनावरे राहतात. याचे उत्तर बऱ्याच अंशी अंगाच्या मापात आहे. १९९९ साली क्रिस कार्बोन आणि त्यांचे सहकारी यांनी जगभरच्या मांसाहारी प्राण्यांचा हिशेब मांडून दाखविले की, सुमारे साडेएकवीस किलोपर्यंतचा प्राणी किडे व उंदीर अशा लहान भक्ष्यावर गुजराण करू शकतो; त्यापुढे अंग वाढले की, लहान भक्ष्य पकडण्याच्या धावपळीतच मिळकतीहून खर्च अधिक होतो, आणि मोठे भक्ष्य धरावेच लागते. लांडगा या सीमेच्या आसपासचा. म्हणून तो शेळ्या-मेंढ्यांकडे, काळविटाकडे वळतो. कोल्हा मध्ये, आणि खोकड सर्वांत खाली. वाळवी टिपून पोट भरणे हे खोकडासच परवडते. ज्या दाण्यावर चिमणी जगते त्यावर बैल जगत नाही, हा हिशेब शेतकऱ्यास नव्याने शिकवावा लागणार नाही.

हे केवळ आपल्याच माळावर घडते असे नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात कुल्पेओ आणि चिल्ला या नावाची खोकडासारखीच दोन जनावरे आहेत. १९७९ साली फुएन्तेस आणि याक्सिच या दोघा शास्त्रज्ञांनी दाखविले की, देशाच्या उत्तरेस, जेथे एक उंच डोंगरावर आणि दुसरे खालच्या सपाटीवर असे विभागून राहते, तेथे दोघांची मापे बरीच जवळजवळ आहेत. पण दक्षिणेस, जेथे पर्वत ठेंगणे होऊन दोघांस एकाच रानात राहावे लागते, तेथे कुल्पेओ मोठा आणि चिल्ला लहान झालेला आढळतो. मोठ्याने मोठे भक्ष्य धरावे आणि लहानाने लहान, म्हणजे दोघांचेही चालते. घर वाटून घेता येत नसेल तर ताटे वाटून घ्यावी, हा तो न्याय. दोन भावांच्या खातेफोडीत जे शहाणपण क्वचितच दिसते, ते या मुक्या जनावरांनी कोर्टाची पायरी न चढता साधले आहे.

तिसरे ताट, जे आपण वाढतो

येथपर्यंतची गोष्ट निसर्गाची झाली. परंतु आमच्या मते आजचा खरा तंटा कोल्हा आणि खोकड यांचा नाही, आणि शेतकरी व कोल्हा यांचाही तो दुय्यमच आहे. या पंगतीत एक तिसरे ताट आले आहे. ते म्हणजे मोकाट कुत्र्याचे, आणि ते वाढणारे आपण आहो.

नान्नजच्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला, त्यात खोकडांबरोबर गावच्या कुत्र्यांचीही विष्ठा तपासली होती. कुत्र्यांचा आहार मुख्यतः माणसांकडून आलेला निघाला. म्हणजे भाकरी, खरकटे, उकिरडा, टाकलेली मढी. खोकडाच्या आहाराशी त्याचा मेळ फार थोडा. मग कोणी म्हणेल, ताटे वेगळी आहेत तर तंटा कशाचा? तंटा आहे तो असा. त्याच संशोधकांनी माळावर खाद्य ठेवून जवळ कुत्रा बांधून पाहिला. कुत्रा जवळ असता खोकडे कमी आली, आली ती कमी खाऊन सावधपणे निघून गेली. म्हणजे कुत्रा खोकडाचा घास खात नाही, पण त्यास घासापाशी येऊही देत नाही. त्याशिवाय कुत्र्यांमधील डिस्टेंपरसारख्या रोगांचा संसर्ग खोकडांपर्यंत पोचतो, हेही नान्नजच्या पुढील अभ्यासात, २०१४ साली, दिसून आले.

रानातला प्राणी भक्ष्य घटले की घटतो. कुत्र्याचे तसे नाही. त्याचे भक्ष्य आपल्या उकिरड्यावर रोज नव्याने येते, म्हणून रानात उंदीर असोत वा नसोत, कुत्र्यांची संख्या वाढतच राहते. युरोपच्या उत्तरेस नॉर्वे-स्वीडनच्या थंड डोंगरांत ध्रुवीय खोकडाची अशीच गत झाली आहे. तेथे अंगाने मोठे असलेले तांबडे खोकड खालून वर सरकले आणि लहान ध्रुवीय खोकडास त्याच्या बिळांवरून हुसकावू लागले. त्या देशांना आता पैसे खर्चून ध्रुवीय खोकडास खाऊ घालावे लागते आणि तांबड्यास आवरावे लागते. आपल्याकडे तो खर्च करणारे कोणी नाही.

आमच्या गावाची गोष्ट

आमच्या लहानपणी चांद्याच्या वरच्या माळावर सायंकाळी गुरे परत आणताना खोकड दिसे. शेपटीचे काळे टोक हलवीत ते बांधावरून निघून जाई, आणि गुराख्याची पोरे त्याच्या मागे उगाच धावत. कोल्हेकुई तर रोजचीच. आता हिंजवडीच्या बाजूने इमारती चढत आल्या, वरकस जमिनींचे तुकडे पडून त्यांवर कुंपणे उभी राहिली, आणि रस्त्याच्या कडेला खाणावळींचे खरकटे पडू लागले. खोकड आम्ही कित्येक वर्षांत पाहिले नाही. कोल्हे आहेत, पण त्यांचा आवाज ओढ्याच्या एकाच बाजूने येतो. कुत्र्यांच्या टोळ्या मात्र दिवसाढवळ्या माळावर फिरतात.

काही वर्षांपूर्वी आमच्याच परिसरात कोणी तरी कोल्ह्यांसाठी मेलेल्या कोंबडीत पिकावरचे औषध घालून ठेवले होते. सकाळी ओढ्यात दोन कोल्हे मेलेले सापडले, आणि त्यांच्याबरोबर एक मोर व आमच्या शेजाऱ्याचे राखणीचे कुत्रे. पुढच्या हंगामात त्या बाजूच्या भातखाचरांत उंदरांनी ओंब्या तोडून बिळांत भरल्या, आणि बांध पोखरून पाणी फोडले. हे विषामुळेच झाले असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. उंदरांचे वर्ष अनेक कारणांनी येते. परंतु भातातला उंदीर तीन आठवड्यांच्या सुमारास एक वीण करतो, आणि त्यास फुकट खाणारे जे दोन पहारेकरी होते ते आपणच मारले, एवढे तर खरे. शेजाऱ्याने त्या कुत्र्यास पुरताना आमच्याकडे पाहिले, तेव्हा आमच्याजवळ बोलण्यास शब्द नव्हते; कारण औषध ठेवण्याची मसलत झाली तेव्हा आम्ही तेथे हजर होतो, आणि गप्प बसलो होतो. मागील बैठकीत आम्ही उभे राहिलो त्याचे कारण हे आहे.

आक्षेप

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला, नुकसान होते ते खरे, त्याचे काय? नुकसान खरे आहे, आणि ज्याची कोंबडी गेली त्यास उंदरांचा हिशेब सांगून समाधान होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु बंदोबस्त नुकसानीच्या कारणाचा करावा. कोंबडी कोल्ह्याने नेली, मुंगसाने, उदमांजराने की कुत्र्याने, हे पाहिल्याशिवाय माळावरची बिळे धुपविणे म्हणजे चोर सोडून संन्याशास सुळी देणे होय. करडाच्या बाबतीत तर खोकडाचे नाव निघूच शकत नाही. कोल्ह्यावर संशय घेण्यापूर्वीही तेथे मोकाट कुत्र्यांची टोळी होती की काय, हे अवश्य पहावे.

दुसरा आक्षेप, कोल्हे-खोकडे उंदीर खातात तर रानात उंदीर उरतात कसे? याचे उत्तर असे की, कोणताही शिकारी आपल्या भक्ष्याचा निर्वंश करीत नाही. तसे केले तर तोच उपाशी मरेल. तो आळा घालतो. धरणाच्या भिंतीने नदी आटत नाही, पण पुराचा जोर तुटतो, तसे हे आहे. घुबड, साप, मुंगूस, कोल्हा, खोकड हे सर्व मिळून ती भिंत होते. त्यांतला एक दगड काढला तर भिंत लगेच पडणार नाही. पण किती दगड काढेपर्यंत ती उभी राहील, हे ज्याने त्याने विचारावे.

तिसरा आक्षेप कायद्याचा नाही, पण कायदा सांगणे आमचे काम आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कोल्हा व खोकड या दोघांनाही संरक्षण आहे. त्यांस विष घालणे वा त्यांची बिळे नष्ट करणे हा गुन्हा होय. बैठकीत असा ठराव लिहून ठेवणे म्हणजे मंडळाच्या दप्तरात स्वतःविरुद्ध पुरावा दाखल करणे आहे. आम्ही दप्तरे सांभाळीत आलो. कागद किती वर्षांनी बोलतो हे आम्हास ठाऊक आहे.

पडीक म्हणजे काय

येथे आमच्या जुन्या खात्याविषयीही एक शब्द बोलणे प्राप्त आहे. उघड्या गवती माळास आम्ही कागदावर ‘पडीक’ म्हणत आलो. ज्यातून सारा नाही, पीक नाही, ते पडीक, असा आमचा समज. परंतु ज्या माळावर वाळवी, नाकतोडे, उंदीर, सरडे, बोरे इतके सारे पिकते, आणि मेंढपाळाची मेंढरे चरतात, तो माळ पडीक कसा? ते खोकडाचे कोठार आहे. पडीक हा शब्द एकदा लिहिला की, त्या जमिनीवर काहीही केले तरी कोणाचे नुकसान होत नाही असे वाटू लागते. मग तेथे चर खणून परकी झाडे लावा, मुरूम उचला किंवा कचरा टाका. सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य स्थापन झाले, ते चिंकाऱ्यासाठी. तेथे गवत राखले म्हणून हरिणाबरोबर इतरही जिवांस ठाव मिळाला. गावोगाव अभयारण्य होणार नाही, व्हावे असेही आम्ही म्हणत नाही. परंतु बांधावरची बोरीची झुडुपे आणि माळाचा एक पट्टा राखणे कोणत्याही गावास जड नाही.

आमच्या सूचना

येत्या बैठकीत धुरी व विष यांचा ठराव मागे घेऊन त्याऐवजी पुढील गोष्टी ठरवाव्या, अशी आमची विनंती आहे. एक, नुकसान झाल्यास प्रत्येक सभासदाने माग, उरलेले भक्ष्य आणि आढळल्यास विष्ठा नीट पाहून त्याची नोंद मंडळाच्या वहीत करावी. किती जनावरे मारली व किती खाल्ली तेही लिहावे. ‘कोल्हा’ हा शब्द खात्री झाल्यावाचून कोणी लिहू नये. ती वही ठेवण्याचे काम आम्ही विनावेतन करू. दोन, रात्री खुराडी पक्क्या दाराने बंद असावी व करडे उघड्यावर राहू नयेत. तीन, रस्त्याकडेच्या खाणावळींनी खरकटे झाकून ठेवावे, आणि मेलेले ढोर ओढ्यात न टाकता खोल पुरावे. यासाठी ग्रामपंचायतीस मंडळाने लेखी कळवावे. चार, गावातील कुत्र्यांस रोगप्रतिबंधक लस टोचणे व त्यांची नसबंदी करविणे यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याकडे अर्ज करावा. पाच, वरच्या माळावरील गवताचा एक पट्टा आणि त्यातील बोरी कोणी जाळू वा तोडू नयेत.

या पाचही गोष्टींस लागणारा खर्च एका वर्षी उंदरांनी खाल्लेल्या भाताहून खचित अधिक होणार नाही. आणि त्या करूनही मक्यात कोल्हा आलाच, तर त्या सभासदाच्या शेतावर रात्रीची राखण करण्यास आम्ही स्वतः येऊ. वय झाले आहे, पण बॅटरी धरण्याइतके बळ अजून हातात आहे.

त्या धनगरास आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. तो आता हयात नसावा. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मंडळाने येत्या बैठकीत द्यावे, एवढीच इच्छा. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.